रँग्लरच्या पोटातली दुसरी बॅटरी

जीप रँग्लरच्या जेएल पिढीत, ज्या गाड्यांना स्टार्ट-स्टॉपची (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होऊन नंतर परत सुरू होण्याची) सोय आहे, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. एक बॉनेट उघडलं की समोर दिसते. दुसरी तिच्या खाली, फ्यूज बॉक्सच्या बुडाशी, चाकाच्या कमानीला लागून दडवलेली असते. 2021 पासून ही गाडी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावात जुळवली जाते. ठाणे-नवी मुंबईच्या रस्त्यांवर ती अधूनमधून दिसते, आणि पावसाळ्यात माळशेजच्या वाटेवर जरा जास्तच. पण घरात दोन-दोन बॅटऱ्या असलेली गाडी आहे, हे कित्येक मालकांना ती सेल्फ घेईनाशी झाल्यावरच कळतं.

दुसरी बॅटरी मुळात हवी कशाला? घोडबंदर रोडवर संध्याकाळी कापूरबावडीच्या सिग्नलला गाडी थांबते आणि इंजिन आपोआप बंद होतं. दिवे, पंखा, स्क्रीन, संगणक मात्र चालूच असतात. सिग्नल सुटला की इंजिन परत सुरू करायचं, आणि त्या क्षणी सेल्फची मोटर शेकडो अँपिअर ओढते. तेवढा करंट जाताना बॅटरीचा व्होल्टेज दचकन खाली येतो. एकच बॅटरी असती तर प्रत्येक सिग्नलला दिवे मंदावले असते, स्क्रीन बंद पडून परत सुरू झाली असती. म्हणून त्या क्षणापुरत्या दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या केल्या जातात. मोठी सेल्फ फिरवते आणि धाकटी इलेक्ट्रॉनिक्स सांभाळते. साठवणीच्या हिशेबात मोठी साधारण 70 अँपिअर-तासांची असते, तर धाकटी 12 च्या आसपासची, म्हणजे मोटरसायकलच्या बॅटरीएवढी.

एरवी, गाडी उभी असताना, या दोघी समांतर जोडलेल्या असतात. खरी मेख इथेच आहे. गच्चीवरच्या दोन टाक्या तळाशी पाइपने जोडल्या आणि त्यातल्या एकीला भोक पडलं, तर दुसरीही रिकामी होणारच. बॅटऱ्यांचंही तेच होतं.

हे आकड्यांतून जास्त स्पष्ट दिसतं. गास्तों प्लांते यांनी 1859 मध्ये शिसं आणि गंधकाम्लाची बॅटरी बनवली. तिचं रसायन आजही तेच आहे, एका सेलमागे सुमारे 2.1 व्होल्ट. सहा सेल ओळीने जोडले की 12.6 होतात. आता धाकट्या बॅटरीतला एक सेल आतून शॉर्ट झाला असं समजू. उरले पाच, म्हणजे साडेदहा व्होल्ट. शेजारची मोठी बॅटरी 12.6 वर आहे, त्यामुळे करंट मोठीकडून धाकटीकडे वाहू लागतो. ते 12.6 व्होल्ट आता सहांऐवजी पाच सेलांत वाटले जातात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 2.52. धडधाकट बॅटरीला पंधरा व्होल्टच्या चार्जरवर लावून विसरून जावं, तसा हा प्रकार. त्या दाबाने आतल्या पाण्याचं विघटन होतं, वायू सुटतो, उष्णता तयार होते. या बॅटऱ्या एजीएम प्रकारच्या असतात. त्यांचं आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं आणि वरून डिस्टिल्ड वॉटर घालायची सोय नसते. एकदा झडपेतून वायू निघून गेला की ते पाणी गेलंच. इंजिन चालू झालं की प्रकरण आणखी बिघडतं, कारण आल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, 14 व्होल्टच्या वर देतो आणि त्या पाच सेलांना प्रत्येकी 2.8 च्या पुढे सोसावं लागतं. रात्रभर गाडी उभी राहिली तर मोठी बॅटरी सकाळपर्यंत धाकटीच्या पायी उतरलेली असते.

मग नवीन मोठी बॅटरी आणली जाते. काही आठवड्यांत तीही बसते. दोष मात्र आणलेल्या बॅटरीला दिला जातो.

सेल शॉर्ट होणं हे टोकाचं उदाहरण. जास्त वेळा घडतं ते सल्फेशन. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं आणि चार्जिंगमध्ये ते परत विरघळतं. पण बॅटरी बराच काळ अर्धवट चार्ज राहिली तर त्याचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात, मग ते विरघळत नाहीत. तेवढा प्लेटचा भाग कायमचा निकामी होतो. कापूरबावडी ते गायमुख या पट्ट्यात गर्दीच्या वेळी एसी लावून रांगणाऱ्या गाडीची धाकटी बॅटरी सतत अर्धवट अवस्थेतच जगते. वर उन्हाळ्यात बॉनेटखालची धग. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. थंड देशातल्या मालकाने सांगितलेल्या आयुष्यावर आपण इथे विसंबू नये, असं मला ठामपणे वाटतं.

लक्षणं ओळखता येतात. स्टार्ट-स्टॉप काम करेनासं होतं आणि बॅटरी चार्ज होत असल्याचा संदेश वारंवार दिसतो. धाकटी पार मेली, तर मोठी ठणठणीत असूनही गाडी सुरू होत नाही, कारण सुरू करताना गाडीचा संगणक आधी तिची हजेरी घेतो.

तपासताना एक चूक सर्रास होते. मोठीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून जो आकडा येतो, तो दोघींचा एकत्रित असतो. जोडलेल्या अवस्थेत कोण आजारी आहे हे मीटर सांगूच शकत नाही. मोठीच्या निगेटिव्ह टर्मिनलकडे नीट पाहिलं तर तिथे दोन काळ्या केबली आलेल्या दिसतात. एक बॉडीला जाते, दुसरी खाली धाकटीकडे. ही दुसरी सोडवली की दोघी वेगळ्या होतात. मग गाडी काही तास तशीच ठेवायची, कारण नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीवर वरवरचा व्होल्टेज फुगलेला असतो. त्यानंतर एकेकीचा आकडा घ्यायचा. 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. तरीही व्होल्टेजवर सगळं सोडू नका, लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी, करून घ्याच. सल्फेटने खाल्लेली बॅटरी निवांत असताना 12.5 दाखवते आणि भार पडताच नऊच्या खाली कोसळते.

बदलायचे रस्ते दोन. वरून जायचं तर मोठी बॅटरी आणि तिचा ट्रे बाहेर काढून, फ्यूज बॉक्स बाजूला सरकवून. खालून जायचं तर चाक काढून आणि कमानीतलं प्लास्टिकचं लायनर सोडवून. तुर्भ्याच्या एका गॅरेजमध्ये मी हे काम खालून होताना पाहिलं. लायनरच्या क्लिपांत वाळलेला लाल चिखल इतका घट्ट बसला होता, की वायरमनने आधी पाण्याने धुऊन, मग चपट्या पेचकसाने एकेक क्लिप उचलली. पुढे लांब एक्स्टेन्शन लावलेला रॅचेट बोटांच्या अंदाजाने बोल्टवर बसवायचा, कारण तिथे डोळा पोचत नाही. बॅटरी बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही बाजू फुगलेल्या होत्या. वायूचा दाब आणि उष्णता यांची ती खूण.

जागा अडचणीची असते तेव्हा सुरक्षिततेचा मुद्दा जास्त गंभीर होतो. आधी निगेटिव्ह सोडवायची, आणि इथे दोन्ही केबली. एकच सोडवून हात घातला तर दुसऱ्या बॅटरीमुळे पॉझिटिव्ह केबल अजूनही जिवंतच असते. पाना तिला आणि बॉडीला एकदम टेकला, तर करंटच्या वाटेत विरोध (रेझिस्टन्स) जेमतेम काही मिलिओहमचा, म्हणजे नगण्यच. बारा व्होल्टला इतक्या थोड्या विरोधाने भागलं की करंट हजार अँपिअरच्या घरात जातो. शॉक बसणार नाही, पण पाना लालबुंद होईल आणि हातातली अंगठी मांस जाळेल. बॅटरीतून हायड्रोजन सुटत असेल तर एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. घड्याळ, अंगठ्या, कडं काढून ठेवल्याशिवाय या कामाला हात लावू नये.

एक बदलायची की दोन्ही? मोठी दोन-तीन वर्षांची झाली असेल तर माझं मत दोन्ही एकदम बदलण्याचं आहे. खर्च टोचतो, पण नवी आणि थकलेली बॅटरी समांतर ठेवली की नवी सतत थकलेलीला पोसत राहते आणि लवकर म्हातारी होते. धाकटीच्या जागी आम्लाची साधी उघडी बॅटरी मात्र बसवू नये. चार्जिंगची पद्धत एजीएमसाठी ठरवलेली असते, आणि त्या बंद कोपऱ्यात आम्लाची वाफ आजूबाजूच्या वायरिंगला खाऊन टाकते. खाडीची दमट हवा तिथे आधीच टर्मिनलांवर पांढरा-हिरवा थर चढवत असते. नवी बसवल्यावर एक-दोन दिवस स्टार्ट-स्टॉप चाललं नाही तर घाबरू नका. बॅटरीवरचा सेन्सर नव्या जोडीचा अंदाज घेत असतो.

जुन्या बॅटरीच्या वजनातला मोठा वाटा शिशाचा असतो आणि ते शिसं पुन्हा वापरता येतं. म्हणून ती विक्रेत्याकडेच परत द्यावी. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची आणि त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारवाल्याकडे गेलेली बॅटरी पुष्कळदा उघड्यावर फोडून भट्टीत वितळवली जाते. तिची धूळ आसपासच्या मुलांच्या रक्तात जाते, आणि वाढत्या मेंदूला शिशाची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा आजवर सापडलेली नाही. विकत घेतानाच जुनी परत करून किंमतीतली सूट मागा. बहुतेक विक्रेते ती देतात.