ले-ऑफ आणि कामवाटप सारखं नाही

जळगाव एमआयडीसीत ऑर्डरी घटल्या की गेटवर हमखास ऐकू येतं, "ले-ऑफपेक्षा एक जागा दोघांत वाटून घेऊ, एकच आहे." एकच नाही. असं समजून सही करणाऱ्याचं नुकसान वर्षभरानंतर कळतं.

ले-ऑफ सगळ्यांना माहीत आहे. वीज, कच्चा माल नाही किंवा माल साचला म्हणून मालक काम देऊ शकत नाही, पण नाव मस्टरवर राहतं. ५० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यात, वर्षभर सलग सेवा झालेल्याला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. कापूस पिंजणाऱ्या हंगामी जिनिंग कारखान्यांना हे लागू नाही. कामवाटपात एक जागा आणि तिचा पगार दोन कायम कामगार वाटून घेतात. अमळनेर-धुळ्याच्या गिरण्यांतला बदली कामगार हा तिसराच प्रकार, तो गैरहजराच्या जागी उभा राहायचा.

खरी मेख हजेरीत आहे. सलग सेवेसाठी बारा महिन्यांत २४० दिवस लागतात. ले-ऑफचे दिवस कायदा त्यात धरतो, मग २०२५ पर्यंत चाललेला १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा घ्या की आता लागू असलेली २०२० ची औद्योगिक संबंध संहिता. कामवाटपातला रिकामा दिवस ले-ऑफ नसतो, तो तुम्ही कबूल केलेला असतो. एक आठवडा तुमचा, एक जोडीदाराचा, म्हणजे वर्षात २६ आठवडे, सहा दिवसांनी १५६. उद्या कामगार कपात आली की मालकाचा वकील हाच हजेरीपट पुढे करतो, सलग सेवा झालीच नाही म्हणतो.

ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं गणित तर काठावरच बसतं. आजारपणाच्या लाभासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी लागते. तेरा आठवडे गुणिले सहा, बरोबर ७८. एक बिनपगारी खाडा पडला की लाभ गेला.

ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते. १८,२०० रुपयांवर ३० वर्षांचे ३,१५,००० होतात. वाटपाच्या काळात ९,१०० वर निवृत्त झालात आणि तोच आकडा धरला गेला, तर १,५७,५००.

म्हणून वाटप करायचंच तर आठवडे वाटू नका, पाळी वाटा. रोज चार तास भरले की हजेरीचे दिवस तुटत नाहीत. पाचोरा-भुसावळहून येणाऱ्याला चार तासांसाठी रोजचं भाडं परवडत नाही, हे खरं. मग आठवडेच घ्या, पण करारात तीन गोष्टी लिहून घ्या: वाटपातला रिकामा दिवस सलग सेवेत कामाचा दिवस धरला जाईल, ग्रॅच्युइटी पूर्ण वेळेच्या पगारावर निघेल, मुदत सहा महिने, ती संपताच दोघेही आपोआप पूर्ण वेळ. ईएसआयचे ७८ दिवस मात्र कराराने कमी होत नाहीत, तिथे दिवसच वाढवावे लागतात. १ मे, १५ ऑगस्ट अशा सुट्ट्या जोडीदाराच्या आठवड्यात आल्या तरी दोघांनाही पगारी ठेवा.

आणि ऑफिसात एकेकाला बोलावून "अर्ध्या पाळीस संमती" असा छापील फॉर्म पुढे केला, तर सही करू नका. वाटाघाट युनियनने करायची, करार सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर करायचा. तिथला करार सभासद नसलेल्यांसकट सगळ्या कामगारांना लागू होतो, आपसात केलेला फक्त सही करणाऱ्या पक्षांपुरता राहतो.