वायफायच्या पेटीतला तापमापक: आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कॉलेजच्या संगणक कक्षात किंवा सावद्याच्या केळी पॅकहाउसच्या ऑफिसात नेमकं किती तापतंय, हे पाहायला दर वेळी वेगळं यंत्र लागतंच असं नाही. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ९१३६ सारख्या काही ॲक्सेस पॉइंटमध्ये, म्हणजे छताला लावायच्या वायफायच्या पेट्यांमध्ये, तापमान, सापेक्ष आर्द्रता आणि हवेतल्या सेंद्रिय वाफा, म्हणजेच टीव्हीओसी, मोजणारे सेन्सर कारखान्यातूनच बसवलेले येतात. आकडा स्क्रीनवर आणणं सोपं आहे. तो खोलीचा आकडा आहे, याची खात्री करून घ्यायला मात्र मेहनत लागते.

पेटी छताला असते, माणूस खुर्चीवर. गरम हवा वर जाते, त्यात आपल्याकडे वर पत्रा असला तर तो भर दुपारी तापतो आणि सिमेंटचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. शिवाय पेटी स्वतःच तापते. ती जेवढी वीज खाते, तिची जवळपास सगळी उष्णता होऊन तिच्याभोवतीच्या हवेत मिसळते. कंपन्या सॉफ्टवेअरमधून याची वजावट करतात, पण ती सरासरी परिस्थिती धरून केलेली असते. धुळ्यातल्या पत्र्याच्या शेडचा विचार तिच्यात नसतो.

म्हणून जागा आधी ठरवा. अडीच ते तीन मीटर उंची चालेल. फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीत पेटी ठेवू नका. एसीचा किंवा कूलरचा झोत थेट अंगावर येणार नाही, निदान एक-दीड मीटर बाजूला राहील, असं पाहा. केळी पिकवण्याच्या चेंबरमध्ये तर ती लावूच नये. तिथे आर्द्रता ९० ते ९५ टक्के राखतात, आणि इमारतीच्या आत वापरायच्या बहुतेक पेट्या वाफेचं पाणी न होणाऱ्या, ९० टक्क्यांपर्यंत आर्द्रतेच्या हवेसाठीच बनवलेल्या असतात. चेंबरसाठी वेगळा, ओलाव्यात टिकणारा सेन्सर घ्या.

मग वीज. ती पेटीला नेटवर्कच्या केबलमधूनच, स्विचकडून (सगळ्या केबली जिथे जोडतात त्या यंत्राकडून) मिळते. ८०२.३एएफ या मानकाचा पोर्ट १५.४ वॅट सोडतो, केबलच्या टोकाला १२.९५ वॅट मिळतात. ८०२.३एटी मध्ये हेच आकडे ३० आणि २५.५ आहेत. वीज कमी पडली की पेटी बंद होत नाही, ती गुपचूप काही भाग आवरते: एखादा रेडिओ (वायफायच्या लहरी सोडणारा भाग), यूएसबी, काही मॉडेलांत इतर जोडभागही. वायफाय चालू आणि सेन्सरचा रकाना रिकामा दिसला, तर पहिल्यांदा स्विचने किती वॅट मंजूर केले ते बघा.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे अर्धवट सेटिंग. सेन्सर बहुधा बंद अवस्थेतच येतात. कंट्रोलरवर, म्हणजे सगळ्या पेट्या सांभाळणाऱ्या यंत्रणेवर, ते दोन ठिकाणी चालू करावे लागतात, पेट्यांच्या सामायिक प्रोफाइलमध्ये आणि त्या एकेका पेटीवर. एक केलं आणि दुसरं विसरलं, तर काहीच दिसत नाही. नोंदींमधलं अंतर पाच सेकंद ठेवलं तर दिवसाला १७,२८० नोंदी होतात, पाच मिनिटांचं ठेवलं तर २८८. खोलीचं तापमान पाच सेकंदांत बदलत नाही, पाच मिनिटं पुष्कळ झाली. वेळही तपासा. नोंदी यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, साठत असतील, तर दुपारी अडीचची उष्णता सकाळी नऊला दिसते, आणि मग सगळे सकाळच्या उन्हाला दोष देतात.

आता तुलना. बसणाऱ्याच्या उंचीवर, जमिनीपासून १.२ मीटरवर, भरवशाचा तापमापक-आर्द्रतामापक ठेवा. तीन दिवस सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी दोन्हींचे आकडे लिहा. फरक जवळपास सारखा असेल, तर त्याची सरासरी वजा करा. सकाळी एक अंश आणि दुपारी चार अंश असं होत असेल, तर वजाबाकीने भागणार नाही. पेटी हलवा.

आर्द्रतेत चूक जास्त फसवी असते. ३० अंशांच्या हवेत ६० टक्के आर्द्रता आहे असं धरा. हीच हवा पेटीजवळ ३३ अंश झाली, तर वाफ तेवढीच असूनही ती ५१ टक्क्यांच्या आसपास दिसेल. तापमानात तीन अंश वजा केले आणि आर्द्रता तशीच ठेवली, तर दोन्ही आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत. तुलनेचा मापक बरोबर आहे का, हे घरच्या मिठाने तपासता येतं. झाकणाच्या डब्यात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घाला. मापक मिठाला न लागता आत ठेवून डबा घट्ट बंद करा. दहा-बारा तासांनी तो ७५ टक्के दाखवायला हवा. २० ते ३५ अंशांत हा आकडा फारसा हलत नाही, त्यामुळे आपल्या हवेत ही चाचणी सोयीची आहे.

टीव्हीओसीचा आकडा वाचताना फार जपा. आत एक तापवलेला धातूच्या ऑक्साइडचा थर असतो, वाफा लागल्या की त्याचा विद्युतरोध बदलतो. फिनाइल, सॅनिटायझर, ओला रंग, सगळ्यांना तो सारखाच बोलतो, कोणाचा वास ते सांगत नाही. पहिले ४८ तास आकडे सोडून द्या. वीज गेली की पुन्हा तापायला वेळ लागतो, म्हणून स्विच यूपीएसवर हवा. काही सेन्सर गेल्या काही दिवसांतली सर्वांत स्वच्छ हवा हीच 'शुद्ध' धरतात. खोली सतत बंद असेल, तर वासाची हवाच त्यांना शुद्ध वाटू लागते. रात्री तासभर खिडक्या उघडा. आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचा आकडा निघत असेल, तर तो अंदाज आहे. वर्गातली हवा खरोखर खेळती आहे का हे पाहायचं असेल, तर अवरक्त किरणांवर चालणारा वेगळा मापक लागतो. गॅसगळती किंवा आगीचा इशारा म्हणून तर ही पेटी कधीच धरू नका.

एप्रिलच्या वावटळीनंतर पेटीच्या छिद्रांतली धूळ मऊ, कोरड्या ब्रशने काढा. सिलिकॉनचा स्प्रे किंवा ताजा सिलिकॉन सीलंट जवळपास नको, त्याच्या वाफांनी तो थर कायमचा मरतो. आणि मेमध्ये काढलेली वजाबाकी जानेवारीत पुन्हा मोजा. तेव्हा पत्रा थंड असतो, कूलर बंद असतो, आणि जुना फरक लागू पडत नाही.