ऑलँड : नको असलेल्या स्वायत्ततेची शंभर वर्षे

जून १९२० मध्ये फिनलंड सरकारने ऑलँड बेटांवरच्या दोन पुढाऱ्यांना देशद्रोहाच्या आरोपाखाली अटक करून फिनलंडमधल्या तुर्कू शहरात नेले. एक होते स्थानिक वर्तमानपत्राचे संपादक युलियुस सुंडब्लोम आणि दुसरे कार्ल ब्यॉर्कमन. दोनच वर्षांनी, जून १९२२ मध्ये, त्याच बेटांची पहिली विधानसभा भरली. सुंडब्लोम तिचे सभापती झाले आणि ब्यॉर्कमन प्रादेशिक सरकारचे प्रमुख. ब्यॉर्कमन १९३८ पर्यंत त्या पदावर राहिले, सुंडब्लोम १९४५ पर्यंत. दोघांच्या नशिबी आलेली स्वायत्तता त्यांनी मुळात मागितलीच नव्हती. बेटांना हवे होते स्वीडन. फिनलंडने देऊ केलेला कायदा त्यांनी तोंडावर नाकारला होता, आणि अटकही त्याच वादातून झाली होती.

जगातल्या स्वायत्त प्रदेशांची चर्चा निघाली की ऑलँडचे उदाहरण हमखास दिले जाते. ‘तिथे जमले, मग इथे का नाही?’ हा प्रश्न त्यापाठोपाठ येतो. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी हे ध्यानात घ्यावे लागते, की या व्यवस्थेची सुरुवात सलोख्याने झालेली नाही. दोन्ही बाजू नाराज असताना ती बांधली गेली, आणि म्हणूनच तिच्यात ठायी ठायी कुलुपे बसवावी लागली. माझ्या मते ऑलँडचे यश त्या कुलपांमध्ये आहे.

बाल्टिक समुद्र जिथे बोथनियाच्या आखातात शिरतो त्या तोंडावर, स्वीडन आणि फिनलंड यांच्या मध्ये हा बेटांचा पुंजका आहे. बेटे साडेसहा हजारांहून अधिक, पण माणसांची वस्ती जेमतेम साठेक बेटांवर. एकूण लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाहूनही कमी. भाषा स्वीडिश. शतकानुशतके ही बेटे स्वीडनच्या राज्याचाच भाग होती. १८०९ मध्ये स्वीडन रशियाशी युद्ध हरले आणि फिनलंडबरोबर ऑलँडही झारच्या ताब्यात गेले.

रशियाला या जागेची किंमत कळत होती. इथून स्टॉकहोम हाकेच्या अंतरावर. १८३० च्या दशकात बोमारसुंड येथे मोठा किल्ला बांधायला घेतला गेला. तो पुरा व्हायच्या आतच क्रिमियन युद्ध पेटले आणि ऑगस्ट १८५४ मध्ये ब्रिटिश व फ्रेंच आरमाराने तो घेऊन उडवून दिला. १८५६ च्या पॅरिस तहात रशियाला लिहून द्यावे लागले, की ऑलँडवर तटबंदी करणार नाही, लष्करी तळ ठेवणार नाही. बेटांच्या राजकारणातली ही पहिली मोठी तारीख. पुढे राज्यकर्ते बदलले, साम्राज्ये बुडाली, पण निर्लष्करीकरणाचा हा धागा १९२१ चा करार, १९४० चा फिनलंड-सोव्हिएत करार आणि १९४७ चा पॅरिसचा शांतता तह यांतून आजवर चालत आला आहे. राजधानी मारीएहाम्न वसली ती नंतर, १८६१ मध्ये, आणि तिला नाव मिळाले झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या राणीचे, मारियाचे.

पहिल्या महायुद्धात रशियाने करार बाजूला ठेवून बेटांवर सैन्य आणले. मग १९१७ साली झारशाही कोसळली. त्या ऑगस्टमध्ये बेटांवरच्या गावांचे प्रतिनिधी फिन्स्ट्रॉम इथल्या लोकशाळेत गुपचूप जमले आणि स्वीडनमध्ये परत जाण्याचा ठराव झाला. त्या हिवाळ्यात सह्यांची मोहीम निघाली. सात हजारांहून अधिक प्रौढांनी, म्हणजे बेटांवरच्या बहुतेक सगळ्याच प्रौढांनी, स्वीडनच्या राजाकडे पाठवायच्या अर्जावर सह्या केल्या. दरम्यान ६ डिसेंबर १९१७ रोजी फिनलंडने स्वातंत्र्य जाहीर केले होते. फिनलंडचे म्हणणे होते, स्वयंनिर्णयाचा हक्क आम्ही बजावला. आता आमच्यातला तुकडा तोच हक्क सांगून फुटू लागला तर देश उभा कसा राहायचा? ऑलँडचे लोक विचारत होते, जो हक्क तुम्हाला तोच आम्हाला का नाही? दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. ६ मे १९२० रोजी फिनलंडच्या संसदेने स्वायत्ततेचा कायदा करून टाकला, तो बेटांनी नाकारला, अटका झाल्या आणि स्वीडनशी संबंध कमालीचे बिघडले.

ब्रिटनने हे प्रकरण नुकत्याच स्थापन झालेल्या राष्ट्रसंघापुढे ठेवले. आधी कायदेपंडितांच्या समितीने ठरवले, की हा फिनलंडचा निव्वळ घरगुती मामला नाही, राष्ट्रसंघ यात लक्ष घालू शकतो. मग दुसऱ्या समितीने प्रत्यक्ष निवाडा सुचवला : सार्वभौमत्व फिनलंडचे, पण बेटांच्या स्वीडिश भाषेला, चालीरीतींना आणि जमिनीला पक्की हमी हवी. फिनलंडने हमी दिली नाही तर बेटांना वेगळे होण्याचा मार्ग मोकळा राहील, असेही त्या अहवालात होते. हे कलम मला फार मोलाचे वाटते, कारण त्यामुळे हमी देणे ही फिनलंडची मेहेरबानी राहिली नाही. २४ जून १९२१ रोजी राष्ट्रसंघाच्या परिषदेने निर्णय दिला, तीन दिवसांनी हमीच्या कलमांवर दोन्ही देशांचे एकमत झाले, आणि ऑक्टोबरमध्ये दहा देशांनी बेटांना निर्लष्करी व तटस्थ ठरवणाऱ्या करारावर सह्या केल्या. राष्ट्रसंघाच्या सचिवालयात तेव्हा असलेले जपानी विद्वान इनाझो नितोबे यांचे नाव या तडजोडीशी आजही आदराने जोडले जाते. स्वीडनने निकाल मानला, पण कडवट मनाने.

१९२२ च्या हमी कायद्यात काय होते? सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळांत शिक्षण स्वीडिशमधूनच. बाहेरच्या माणसाने जमीन विकत घेतली, तर ती सोडवून घेण्याचा पहिला हक्क बेटांचा. बाहेरून येऊन राहिलेल्याला स्थानिक मतदानाचा हक्क पाच वर्षांनी. राज्यपालाच्या नेमणुकीत बेटांचे मत विचारात घेणे बंधनकारक. ९ जून १९२२ रोजी विधानसभेची पहिली बैठक झाली. तो दिवस आज तिथे स्वायत्तता दिन म्हणून सुट्टीचा असतो. ज्या गोष्टीला विरोध केला तिचाच वार्षिक सण व्हावा, हे मला या इतिहासातले सर्वांत सुंदर वळण वाटते.

दुसऱ्या महायुद्धात राष्ट्रसंघच संपला, म्हणजे हमी देणाराच उरला नाही. तेव्हा घरातले कायदे घट्ट करावे लागले. १९५१ चा दुसरा स्वायत्तता कायदा १९५२ पासून अमलात आला आणि त्यात ‘अधिवासाचा हक्क’ आला. आपल्याकडच्या डोमिसाइलची आठवण व्हावी असा, पण वजनाने खूप जास्त. हा हक्क असेल तरच प्रादेशिक विधानसभेसाठी मत देता येते, उभे राहता येते. जमीन घेताना आणि धंदा करतानाही तोच पाहिला जातो. तो आई किंवा वडिलांकडून जन्माने मिळतो. बाहेरून आलेल्या फिनिश नागरिकाला पाच वर्षांचे वास्तव्य आणि पुरेशी स्वीडिश लागते. पाच वर्षे बेटांबाहेर राहिले तर तो जातो. लहानपणापासून हा हक्क असलेल्यांना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट आहे. बारा वर्षांच्या वयानंतर येऊन राहिलेल्याला नाही. १९५४ मध्ये स्वतःचा झेंडा फडकला : स्वीडनच्या निळ्या-पिवळ्या क्रुसात लाल क्रूस. १९८४ मध्ये स्वतःची टपाल तिकिटे आली.

आजचा कारभार १९९१ च्या तिसऱ्या कायद्यावर चालतो, जो १९९३ पासून लागू आहे. विधानसभेत ३० सदस्य, निवडणूक दर चार वर्षांनी. शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, पोलीस, टपाल, स्थानिक स्वराज्य संस्था, उद्योग हे विषय बेटांचे. परराष्ट्र धोरण, न्यायालये, बहुतेक दिवाणी व फौजदारी कायदा, सीमाशुल्क आणि कर हेलसिंकीकडे, म्हणजे फिनलंडच्या केंद्र सरकारकडे. विधानसभेने केलेला कायदा राष्ट्राध्यक्षांपुढे जातो. तिथे तो आवडला नाही म्हणून अडवता येत नाही. अधिकारकक्षा ओलांडली असेल किंवा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तरच नकार देता येतो. त्याआधी तपासणी करते ‘ऑलँड प्रतिनिधीमंडळ’ : दोन सदस्य फिनलंड सरकारचे, दोन बेटांच्या विधानसभेचे आणि अध्यक्ष सहसा राज्यपाल. हे राज्यपालही विधानसभेच्या सभापतींशी सहमती करूनच नेमले जातात. आणि सर्वांत मोठे कुलूप म्हणजे, स्वायत्तता कायद्यात बदल करायचा तर फिनलंडच्या संसदेत घटनादुरुस्तीची रीत पाळावी लागते आणि बेटांच्या विधानसभेत दोन तृतीयांश बहुमत लागते. हेलसिंकीत कितीही मोठ्या बहुमताचे सरकार आले तरी एकट्याने यातले एक कलमही हलवू शकत नाही.

पक्षांचे राजकारण उशिरा, १९७० च्या दशकात रुजले. मुख्य भूमीचे पक्ष इथे नाहीत. लिबरल, सेंटर, सोशल डेमोक्रॅट हे सगळे बेटांचे स्वतःचे. २००७ मध्ये लिबरल पक्षाच्या वीवेका एरिक्सन पहिल्या महिला सरकारप्रमुख झाल्या. पूर्ण स्वातंत्र्य मागणारा एक पक्ष २००१ मध्ये निघाला, पण तो लहानच राहिला. भाषा आणि जमीन शाबूत असल्यावर फुटून निघण्याची निकड लोकांना वाटत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

खरी कुरकुर पैशाची आणि युरोपची आहे. कर फिनलंड गोळा करते आणि बेटांना एकरकमी वाटा देते. १९९३ च्या व्यवस्थेत तो देशाच्या कर्जाखेरीजच्या महसुलाच्या ०.४५ टक्के ठरला. ती रक्कम कशी खर्चायची हे विधानसभा ठरवते, पण कराचे दर ठरवणे बहुतांशी तिच्या हाती नाही. युरोपीय संघात जाताना, नोव्हेंबर १९९४ मध्ये, बेटांनी फिनलंड आणि स्वीडनचा कौल पाहून मग वेगळे सार्वमत घेतले आणि होकार दिला, तोही स्वतंत्र प्रोटोकॉल, म्हणजे तहाला जोडलेला खास करार, मिळवून. त्यामुळे जमिनीचे नियम टिकले आणि अप्रत्यक्ष करांपुरती बेटे संघाच्या करक्षेत्राबाहेर राहिली. स्टॉकहोमहून फिनलंडला जाणारी प्रचंड प्रवासी जहाजे रात्री-पहाटे मारीएहाम्न किंवा लाँगनेसच्या धक्क्याला थोडा वेळ लागतात, बहुसंख्य प्रवासी झोपेत असतात, आणि पुन्हा निघतात. या थांब्यामुळेच जहाजावर करमुक्त विक्री करता येते. तीस हजारांच्या वस्तीला दोन्ही देशांशी रोजची जहाजे परवडतात ती या एका तरतुदीमुळे.

उलट बाजूही आहे. तोंडात धरायच्या स्वीडिश तंबाखूवरची बंदी किंवा वसंतातली बदकांची शिकार, असे विषय अंतर्गत कायद्याने बेटांचे. पण युरोपीय न्यायालयात खटला उभा राहतो फिनलंडवर, आणि नियम बनताना ऑलँडला स्वतःचा आवाज नसतो. युरोपीय संघाच्या कारभाराचे नियम बदलणाऱ्या लिस्बन तहाला फिनलंडच्या संसदेने २००८ मध्येच मान्यता दिली, ऑलँडच्या विधानसभेने मात्र नोव्हेंबर २००९ पर्यंत ताटकळत ठेवले, ते याच नाराजीतून.

एप्रिल २०२३ मध्ये फिनलंड नाटोत गेल्यावर निर्लष्करीकरणाचा जुना वाद पुन्हा वर आला. मारीएहाम्नमध्ये १९४० च्या करारामुळे आलेला रशियाचा वाणिज्य दूतावास आहे. युक्रेनवरच्या आक्रमणापासून त्याच्यासमोर निदर्शने होत आहेत. बेटांवर बहुतेक पक्षांची भूमिका मात्र करार आहेत तसे पाळण्याची आहे. युरोपीय संसदेतल्या जागेची मागणी तर तशीच पडून आहे. बेल्जियममधल्या छोट्या जर्मनभाषक समाजाला तिथे एक जागा राखीव आहे. फिनलंडच्या १५ जागा मात्र संपूर्ण देशाच्या एकाच मतदारसंघातून निवडल्या जातात, आणि त्यात ऑलँडच्या मतांवर एकही उमेदवार निवडून येऊ शकत नाही.