सेवा बँक ग्रामीण बँकेची नक्कल नाही

‘गरीब बायकांना छोटी कर्जं देण्याची कल्पना बांगलादेशातून आली, अहमदाबादच्या सेवा बँकेने ती उचलली,’ हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तारखा बघा. बांगलादेशात अर्थतज्ज्ञ मुहम्मद युनूस यांनी जोबरा गावात छोट्या कर्जांचा प्रयोग सुरू केला १९७६ मध्ये, त्यातून ग्रामीण बँक झाली १९८३ मध्ये. सेवा बँक १९७४ मध्येच उभी होती.

तिचं मूळ कामगार चळवळीत आहे. गिरणी कामगारांच्या मजूर महाजन संघातून इला भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ ही कष्टकरी बायकांची युनियन काढली. भाजीवाल्या, हातगाडी ओढणाऱ्या, चिंध्या शिवणाऱ्या. सावकाराचं व्याज त्यांची कमाई गिळत होतं आणि राष्ट्रीयीकृत बँकांत त्यांना धड वागणूक मिळत नव्हती. मग चार हजार जणींनी प्रत्येकी दहा रुपयांचं भागभांडवल घालून स्वतःची सहकारी बँक काढली. सही येत नसलेल्यांची ओळख पासबुकावरच्या फोटोने पटवली जाई.

म्हणूनच तिला ‘दानधर्माची बँक’ म्हटलेलंही मला खटकतं. मालकी खातेदार बायकांचीच, आणि कर्जाआधी बचत. ग्रामीण बँकेत पाच-पाच जणींचे गट असत. इथे कर्ज बाईच्या एकटीच्या नावावर मिळे.