जुन्या केबिन क्रूझरवरील डिझेल इंजिने : देखभाल व दोषनिदान

झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या, इंजिनावर चालणाऱ्या खासगी नौकेला केबिन क्रूझर म्हणतात. १९६० ते १९९० या काळात बांधलेल्या अशा नौकांवर यांत्रिक इंधनपंपाची डिझेल इंजिने मोठ्या प्रमाणात बसवली गेली. पर्किन्स ४.२३६ व ६.३५४, फोर्ड लेहमन १२०, कॅटरपिलर ३२०८, डेट्रॉइट डिझेलची ५३ व ७१ मालिका ही त्यांतली नेहमी भेटणारी नावे. पर्किन्सच्या क्रमांकात पहिला अंक सिलिंडरांचा असतो आणि बिंदूनंतरचा आकडा एकूण घनफळाचा, घनइंचांत. डेट्रॉइटचा ७१ मात्र एकाच सिलिंडरचे घनफळ सांगतो.

यांतली बरीच इंजिने मुळात ट्रक, ट्रॅक्टर किंवा कारखान्यासाठी घडलेली आहेत. समुद्रावर नेताना त्यांना खाऱ्या पाण्याचा पंप, हीट एक्स्चेंजर (खाऱ्या पाण्याने इंजिनातले पाणी थंड करणाऱ्या नळ्यांची पेटी), पाण्याने थंड होणारा मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करणारा भाग) आणि ओला एक्झॉस्ट, म्हणजे धुरात पाणी मिसळून बाहेर फेकणारी नळी, जोडला गेला. जुन्या नौकेवर आधी बिघडतो तो बहुधा हा जोडलेला भाग. पिस्टन, क्रँक आणि बेअरिंगे त्यामानाने दीर्घायुषी असतात. म्हणून हेड उघडण्याची घाई करण्याआधी इंजिनाला बाहेरून काय मिळते, म्हणजे डिझेल, हवा, पाणी आणि वीज, हे क्रमाने तपासायचे असते.

खारे पाणी

पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, आकाराने लहान, पण तो गेला की काही मिनिटांत इंजिन तापते. कोरडा फिरला तर त्याची पाती त्याहूनही लवकर जळतात. तो साधारणपणे वर्षाला एकदा बदलतात. तुटलेल्या पात्यांचे तुकडे शोधून काढल्याशिवाय ते काम पूर्ण झाले असे समजू नये. ते पुढे वाहत जाऊन हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकतात, आणि नवा इम्पेलर बसवूनही तापमानाचा काटा चढतच राहतो. झिजून गळून पडलेल्या जस्ताच्या कांड्यांचे तुकडेही तिथेच साठतात. या कांड्या इंजिनाच्या धातूऐवजी स्वतः गंजण्यासाठी असतात. निम्मी झिजली की कांडी बदलावी.

इंजिन हळूहळू जास्त तापू लागले तर क्रम सोपा आहे : आधी समुद्राच्या पाण्याची गाळणी, मग इम्पेलर, मग एक्स्चेंजरच्या नळ्या आणि एक्झॉस्टचे कोपर. केवळ पूर्ण वेगातच तापणारे इंजिन अपुऱ्या पाण्याकडे बोट दाखवते. जुनी शोषणनळी आतून सुटते आणि पंपाच्या ओढीने चपटी होते. बाहेरून ती धडधाकट दिसते. तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट स्वस्त असल्यामुळे सगळे त्यालाच आधी बदलतात, पण दोष क्वचितच त्याचा असतो.

एक्झॉस्टच्या कोपरात तापलेला धूर आणि खारे पाणी एकत्र येतात, त्यामुळे ते आतून कुजते. आतला पडदा फुटला की पाणी मागे वळून सिलिंडरांत उतरते. दर काही वर्षांनी ते खोलून पाहणे इंजिन नव्याने बांधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. इंजिन जलरेषेखाली असेल तर बंद इंजिनात पाणी आपोआप ओढले जाऊ नये म्हणून नळीत असलेला, सायफन तोडणारा व्हॉल्व्हही साफ ठेवावा लागतो.

सिलिंडरांत पाणी शिरण्याचा आणखी एक मार्ग माणूस स्वतः उघडतो. सुरू न होणारे इंजिन पुन्हा पुन्हा फिरवत राहिले की पंप पाणी ओढत राहतो, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो. मफलर भरतो आणि पाणी मॅनिफोल्डकडे चढते. त्यामुळे दोन-तीन प्रयत्न फसले की समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करावा आणि इंजिन सुरू होताच लगेच उघडावा. फिरता फिरता इंजिन एकदम अडले, तर पुन्हा सेल्फ मारू नये. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. अशा वेळी इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवतात.

इंधन

डिझेल इंजिन अचानक बंद पडते तेव्हा पहिला संशय इंधनावर घ्यावा. जुन्या टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ असतो. शांत पाण्यात तो तिथेच पडून राहतो; लाटा उसळल्या की ढवळून फिल्टरमध्ये येतो. म्हणजे इंजिन नेमके खवळलेल्या पाण्यात गुदमरते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात. हॉर्मोकॉनिस रेझिनी ही बुरशी त्यांत प्रसिद्ध आहे. त्यांचा काळा, बुळबुळीत थर फिल्टर भरून टाकतो. जीवनाशक औषध घातल्यावर मेलेला गाळही फिल्टरमध्येच येतो, म्हणून टाकी उघडून पुसण्याला खरा पर्याय नाही. पाणी कुठून येते हे शोधताना डेकवरच्या भरणझाकणाची रबरी कडी आधी पाहावी.

पाणी वेगळे करणारा पहिला फिल्टर साधारण १० ते ३० मायक्रॉनचा असतो आणि इंजिनावरचा त्याहून बारीक. पहिल्या फिल्टरनंतर निर्वात मोजणारा काटा बसवला तर फिल्टर तुंबण्याची खबर आधीच मिळते.

फिल्टर बदलला की नळीत एअर धरते आणि ती काढावी लागते : टाकीकडून सुरुवात करून पहिला फिल्टर, दुसरा फिल्टर, इंधनपंप आणि शेवटी इंजेक्टरच्या नळ्यांचे नट. हाताने चालवायच्या फीडपंपाची दांडी कधी कधी काहीच ओढत नाही. पंप बिघडला असे वाटते, पण त्याला चालवणारा इंजिनातला कॅम (उंचवटा असलेले चाक) नेमका वर थांबलेला असतो. इंजिन थोडे फिरवले की दांडीत जीव येतो. एअर वारंवार धरत असेल तर गळती शोषणाच्या बाजूला आहे. तिथे डिझेल बाहेर न येता हवा आत जाते, म्हणून डाग दिसत नाही. जास्त दाबाच्या बाजूची गळती बोटाने चाचपू नये. इंजेक्टर सुमारे २०० बारला उघडतो आणि एवढ्या दाबाची धार कातडी भेदून आत जाते.

धूर आणि तेल

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी किंवा बोजा मोठा. शेवाळ-शंख चढलेला नौकेचा तळ आणि गरजेपेक्षा मोठा पंखा (प्रॉपेलर) यांनीही तो येतो. ठरलेले कमाल फेरे इंजिन गाठत नसेल तर पंप खोलण्याआधी नौका पाण्याबाहेर काढून पाहावी. निळा धूर जळणाऱ्या तेलाचा. पांढरा धूर सुरुवातीला क्षणभर चालतो. तो डोळ्यांत झोंबत असेल आणि पाण्यावर तेलकट तवंग येत असेल, तर न जळलेले डिझेल आहे. लगेच विरत असेल तर वाफ. दोषी सिलिंडर ओळखायला मंद गतीवर इंजेक्टरच्या नळीचा एकेक नट किंचित सैल करतात, हात आणि डोळे धारेपासून दूर ठेवून. ज्याने आवाज बदलत नाही, तो सिलिंडर काम करत नाही.

डिझेलचे तेल लवकर काळे पडते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. दुधाळ तेल म्हणजे पाणी. पट्टीवर पातळी वाढून तेलाला डिझेलचा वास येत असेल तर फीडपंपाचा पडदा फाटला असण्याचा संभव आहे आणि तसे इंजिन चालवणे धोक्याचे आहे. फोर्ड लेहमन १२० च्या इंधनपंपाला स्वतःचे वेगळे तेल असते, आणि नवे मालक ते विसरतात.

तासन्‌तास मंद गतीवर, केवळ बॅटरी भरण्यासाठी चालवलेल्या इंजिनाच्या सिलिंडरांवर चकाकी येते आणि रिंगा नीट बसत नाहीत. पूर्ण तापल्यावर काही काळ खरा बोजा द्यावा.

वीज आणि जोडी

नुसता ‘टक’ आवाज देणारा सेल्फ बहुतेक वेळा निर्दोष असतो. गंजलेल्या अर्थ वायरचा दोष त्याच्या माथी येतो. सेल्फ फिरवताना बॅटरीपासून इंजिनाच्या ठोकळ्यापर्यंत किती व्होल्ट गळतात ते मोजावे. इंजिन बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका) काही इंजिनांत वीज मिळाल्यावर इंजिन थांबवतो आणि काहींत वीज तुटल्यावर. आपला कोणता, हे बिघाडाआधी ठाऊक हवे.

दोन इंजिने असणाऱ्याला एक देणगी मिळते : दुसरे इंजिन हे पहिल्याचे मोजमाप असते. तापमान, तेलदाब, एक्झॉस्टचे पाणी यांत फरक पडला की तो लगेच दिसतो. फक्त जुन्या फेरेमापकावर भरवसा ठेवू नये, तो सर्रास खोटे सांगतो. आणि दोन्ही इंजिने एकाच टाकीतून पीत असतील तर घाण डिझेल दोघांनाही एकदमच बंद पाडते.

हंगाम संपल्यावर खाऱ्या पाण्याची बाजू गोड्या पाण्याने धुतात, थंड प्रदेशात तिथे प्रॉपिलीन ग्लायकोल भरतात, तेल बदलतात आणि इम्पेलर काढून ठेवतात, म्हणजे पाती एका बाजूला वाकून बसत नाहीत. ‘इम्पेलर काढलेला आहे’ अशी चिठ्ठी त्याच वेळी किल्लीला बांधावी.