नवसैनिकांतील तीव्र श्वसनरोग व प्रशिक्षण

लष्करात नव्याने भरती झालेल्यांना प्रशिक्षणाच्या पहिल्या काही आठवड्यांत साथीच्या रूपाने होणारा ताप, घसादुखी व खोकल्याचा विकार आणि त्याचा त्यांच्या शिक्षणावरील परिणाम. मुरलेल्या सैनिकांत तो क्वचित आढळतो. थकवा, अपुरी झोप व बराकीतील गर्दी ही कारणे सांगितली जातात. दूरदूरच्या प्रदेशांतून आलेल्यांचा एकाएकी घडणारा सहवास हे कारण त्यांपेक्षा अधिक महत्त्वाचे असावे.

रोगाच्या कारणाविषयी बराच काळ मतभेद होते. तो इन्फ्लुएंझाचाच सौम्य प्रकार किंवा साधी सर्दी, असे मानले जाई. दुसऱ्या महायुद्धकाळात अमेरिकेतील फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावरील संशोधन आयोगाने रुग्णांचे गाळून जीवाणुरहित केलेले स्राव स्वयंसेवकांना देऊन रोग निर्माण केला. त्याचा परिपाककाल (लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) ५–६ दिवस, तर सर्दीचा १–२ दिवस आढळल्याने दोन्ही विकार वेगळे ठरले. कारक विषाणू मात्र १९५३ च्या सुमारास हाती आला. अमेरिकी संशोधक रो व सहकाऱ्यांनी तो मुलांच्या ॲडिनॉइड (नाकाच्या मागील) ऊतकातून, तर हिलमन व वर्नर या संशोधकांनी फोर्ट लिओनार्ड वुड या अमेरिकी लष्करी तळावरील आजारी नवसैनिकांकडून मिळवला. शोधाचा मान सामान्यतः रो यांना दिला जातो. नवसैनिकांच्या रोगाशी थेट संबंध जोडण्याचे श्रेय हिलमन यांना देणे अधिक योग्य. या विषाणूचे ‘ॲडिनोव्हायरस’ हे नाव १९५६ मध्ये रूढ झाले. नवसैनिकांत मुख्यतः त्याचे प्रकार ४ व ७ आढळतात. त्यांवरील तोंडावाटे घ्यायची लस अमेरिकी सैन्यात १९७१ पासून नियमित दिली जाई. १९९६ मध्ये उत्पादन थांबले, १९९९ पर्यंत साठा संपला आणि साथी परतल्या. २०११ मध्ये लस पुन्हा सुरू झाली.

शिक्षणाचे नुकसान बहुधा रुग्णालयात गेलेल्या दिवसांवरून मोजले जाते. फार दिवस बुडाल्यास प्रशिक्षणार्थीला मागून येणाऱ्या तुकडीत घालतात. आजार अंगावर काढून कवायतीला उभा राहणारा मात्र या मोजणीत येत नाही, ही तिची मोठी उणीव होय. अशा आजारांत कामाची क्षमता कशी घटते याविषयी इंग्लंडमधील सॉल्झबरी येथील सर्दी संशोधन केंद्रात १९८० च्या दशकात स्वयंसेवकांवर प्रयोग झाले. इन्फ्लुएंझात लक्ष ठेवण्याच्या कामातील प्रतिसाद मंदावतो, तर सर्दीत हात व डोळा यांचा मेळ बिघडतो, असे त्यांत दिसले. हे स्वयंसेवक नवसैनिक नव्हते. तरी नेमबाजी व पहारा शिकताना याच क्षमता लागतात.