टाकीचं मिठागर होऊ नये म्हणून

पूर्व द्रुतगती महामार्गाने भांडुप-मुलुंडच्या बाजूने गेलात तर खाडीलगतची मिठागरं दिसतात. भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचं आणि उन्हावर सोडून द्यायचं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. घरात मासे आणि प्रवाळ पाळायला पहिलीच छोटी खाऱ्या पाण्याची टाकी, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत ‘मरीन टँक’, लावणाऱ्याने हे वाफे डोळ्यांसमोर ठेवावेत. हॉलच्या कोपऱ्यातली ती काचेची पेटीही रात्रंदिवस हेच काम करत असते, फक्त जरा सावकाश.

गोड्या पाण्याचे मासे पाळलेला माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो: बाजारातलं खडे मीठ पाण्यात टाकलं तर समुद्र होणार नाही का? शेवटी ते आलं समुद्रातूनच! नाही होत, आणि का होत नाही याचं उत्तर मिठागरातच आहे. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातले 30 ग्रॅम म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, आपल्या जेवणातलं मीठ. उरलेल्या पाच ग्रॅमांत सल्फेट, 1.3 ग्रॅम मॅग्नेशियम, 0.4 ग्रॅम कॅल्शियम, तेवढंच पोटॅशियम आणि बरीच किरकोळ मंडळी. पाणी आटू लागलं की हे सगळे एकदम खाली बसत नाहीत. पाणी निम्मं झालं की कॅल्शियम कार्बोनेट बसू लागतं, पाचवा हिस्सा उरला की जिप्सम, आणि दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतं ते आपलं मीठ. ते ओढून घेतल्यावर जे कडवट पाणी उरतं, त्यात मॅग्नेशियम राहून जातं. म्हणजे खडे मिठातून प्रवाळाला लागणारं कॅल्शियम आधीच गळालेलं असतं आणि मॅग्नेशियम मागेच सुटलेलं. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचाच बांधतं, त्यामुळे या मिठाच्या पाण्यात त्याची अवस्था विटांवाचून घर बांधणाऱ्या गवंड्यासारखी होईल. म्हणून मरीन टँकसाठी सगळे क्षार योग्य प्रमाणात मिसळलेलं तयार मीठ घ्यावं लागतं. लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम. स्वस्त नसतं ते, पण काटकसर करायचीच असेल तर इथे करू नये.

हे मीठ विरघळवायचं कशात, हा पुढचा प्रश्न मला मिठापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. नळाच्या पाण्यात नाही. घरातल्या पिण्याच्या आरओचं पाणीही जपूनच, कारण चवीसाठी बरीच यंत्रं त्यात थोडे क्षार परत मिसळतात आणि हल्ली काही यंत्रं अभिमानाने तांबंही मिसळतात. तांब्याच्या कळशीतलं पाणी आपल्याला गुणकारी वाटतं. कोळंबी, शंख, प्रवाळ या बिनकण्याच्या प्राण्यांना मात्र तांबं अगदी थोड्या प्रमाणातही विषारी असतं. एक दिवस तसं पाणी घातलं म्हणून आभाळ कोसळणार नाही. पण रोज लिटरभर घातलंत, तर पाणी उडत राहणार आणि तांबं साचत राहणार. पुन्हा मिठागरच! पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळचा आकडा दाखवणारं पाणीच वापरायचं.

आता थोडा हिशेब. दोन फुटांची, 60 लिटरची टाकी घेतली तर दगड-वाळू जाऊन आत पाणी राहतं सुमारे 50 लिटर. पुण्यात एप्रिल-मे महिन्यात, वरून पंखा चालू असेल तर, दिवसाला एक लिटर सहज उडतं. पाच दिवस गावाला गेलात आणि कुणी लक्ष दिलं नाही, तर उरलं 45 लिटर, पण क्षार तेवढेच. किलोमागे 35 ग्रॅमचे 39 झाले. समुद्रातल्या प्राण्याने असा बदल एका आठवड्यात जन्मात पाहिलेला नसतो. 500 लिटरच्या टाकीत एवढंच पाणी उडालं तर आकडा 35.4 च्याही खाली राहतो. म्हणून छोटी टाकी सोपी, हा समज उलटा आहे. छोटी टाकी स्वस्त असते, सोपी नसते.

उपाय साधा आहे. काचेवर मार्करने पाण्याची रेघ मारायची आणि रोज त्या रेघेपर्यंत शुद्ध, बिनमिठाचं पाणी घालायचं. नवशिके इथे हमखास चुकतात. ‘खारी टाकी आहे ना’ म्हणून भरणीलाही खारं पाणी घालतात आणि महिन्याभरात टाकीचं लोणचं करून ठेवतात.

पंख्याचा उल्लेख आला, तर त्याबद्दलही. प्रवाळांना 24 ते 27 अंश सेल्सिअस मानवतं. मे महिन्यात खोलीच याहून गरम असते, वर टाकीतल्या पंपाची आणि दिव्याची ऊब. पाण्यावर तिरका झोत पडेल असा छोटा पंखा लावला की टाकी माठासारखी वागते. एक लिटर पाणी उडताना जी उष्णता घेऊन जातं, ती कागदावर 50 लिटर पाणी 12 अंशांनी थंड करू शकते. प्रत्यक्षात खोली ती ऊब सतत परत देत असते, त्यामुळे पदरात दोन-तीन अंश पडतात. आणि माठ जसा मुंबईच्या दमट हवेत नीट गार होत नाही, तसाच हा पंखाही तिथे ढेपाळतो. कोकणपट्टीत राहणाऱ्याने एसीचा किंवा चिलरचा, म्हणजे टाकीचं पाणी गार करणाऱ्या यंत्राचा, खर्च आधीच धरावा, नाहीतर हा नाद सोडावा. समुद्रातही उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादाच अंश जास्त, पण सलग काही आठवडे राहिला, की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं बाहेर टाकून पांढरं पडतं. प्रवाळाचं बहुतेक अन्न हीच शैवालं प्रकाशातून बनवत असतात.

पाणी झालं, दगड-वाळू झाली, पंप फिरतोय. मासे मात्र अजून आणायचे नाहीत. मासा श्वासागणिक कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचा आकडा, 8.1 ते 8.3 असल्याने त्या अमोनियाचा विषारी अंश पीएच 7 च्या गोड्या पाण्यापेक्षा दहापट तरी जास्त असतो. तो पचवणारे जिवाणू टाकीत आधी वसवावे लागतात. एका गटाचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचं नायट्रेट. हे कोडं 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने सोडवलं होतं. 2015 मध्ये त्यात एक नवल सापडलं: नायट्रोस्पायरा कुळातले काही जिवाणू ही दोन्ही कामं एकट्याने करतात.

हे जिवाणू फार संथ वाढतात. दुधातले जिवाणू रात्रभरात दही लावून मोकळे होतात. यांना मात्र संख्या एकदा दुप्पट करायलाच अर्धा ते एक दिवस लागतो. म्हणून सोललेल्या कोळंबीचा एक तुकडा रिकाम्या टाकीत सोडायचा, तो कुजू द्यायचा आणि चाचणीच्या किटवर अमोनिया चढताना, मग उतरताना पाहायचा. चार ते सहा आठवडे. घरात वासावरून बोलणी खावी लागतात. कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला मूठभर दगड मिळाला तर तो चक्क विरजणाचं काम करतो, कारण हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की कोळंबीची सुट्टी. त्यानंतर वाळूवर तपकिरी थर धरेल. ते डायटम, म्हणजे एक प्रकारची सूक्ष्म शैवालं, घाबरू नये.

नायट्रेट मात्र साचत राहतं, ते उडत नाही. त्यासाठी दर रविवारी 5 लिटर जुनं पाणी काढून तेवढंच नवं खारं पाणी घालायचं. यातूनच संपत आलेलं कॅल्शियमही भरून निघतं.

आता प्रवाळ, आणि इथे जरा कडक बोलतो. भारतात सर्व दगडी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि समुद्रघोडे यांनाही या कायद्याचं संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडा ‘टाकीत छान दिसेल’ म्हणून पिशवीत टाकणं हा गुन्हा ठरू शकतो. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा दगडही बऱ्याचदा प्रवाळाचाच असतो. सिरॅमिकचे सच्छिद्र दगड मिळतात, जिवाणूंना ते तितकेच चालतात. पहिल्या टाकीसाठी सांगाडा नसलेली मंडळी बघावीत, मश्रूम प्रवाळ किंवा झोअँथिड, तीही बिलासकट, टाकीत वाढवलेली. कमी प्रकाशात तगतात, चुका पोटात घालतात. फक्त झोअँथिड हाताळताना हातमोजे हवेत आणि तो दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नये. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. त्याची वाफ श्वासातून गेल्याने माणसं इस्पितळात गेलेली आहेत.

मासे दोनच, क्लाउनफिश, आणि समुद्रातून पकडलेले नव्हे, पैदास केलेले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, त्यामुळे असे मासे मिळू शकतात. समुद्रात ते ज्याच्या आसऱ्याला राहतात ते समुद्रफूल (सी ॲनिमोनी) त्यांना लागतंच असं नाही. नव्या टाकीत समुद्रफूल जगतही नाही. दुकानदार ‘जोडी’ म्हणून जास्त पैसे मागेल, तर हसून नकार द्या आणि दोन लहान पिल्लं उचला. क्लाउनफिश जन्मतः सगळे नरच असतात. काही दिवस त्यांच्यात ढकलाढकली होईल, एक थरथरत शरणागती पत्करेल, आणि दुसरा हळूहळू मोठा होत मादी होईल.